जुन्या पिकअपचे सुटे भाग : शोधायचे कुठे, घ्यायचे कसे?

तुरीच्या राशी सुरू झाल्या की आपल्या भागातल्या पिकअप गाड्यांना उसंत नसते. आळंद, हुमनाबाद, भालकी, औरादकडच्या कितीतरी घरांत पंधरा-वीस वर्षांची टाटा 207 किंवा महिंद्राची पिकअप अजूनही संसार ओढते आहे. नेमकी अशा दिवसांत मागच्या हाउसिंगमधून घरघर सुरू होते. मिस्त्री झाकण उघडतो आणि क्राउनचे दात गेल्याचे सांगतो. नवी गाडी घ्यायची तर आठ-दहा लाखांची तयारी हवी. मग घरचा कर्ता माणूस एका लोखंडी भागासाठी कलबुर्गी, लातूर, सोलापूर, हैदराबाद अशी वणवण करू लागतो.

गाडीचे आयुष्य इंजिनापेक्षा बाजारावर अवलंबून असते. याचे उदाहरण बिदरच्या शेजारीच आहे. 1980च्या दशकात जपानी कंपन्यांच्या साहाय्याने चार हलके ट्रक भारतात आले : डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, आयशर मित्सुबिशी आणि ऑल्विन निस्सान. यातला ऑल्विन निस्सान आपल्या जवळच्या जहिराबादला बनत असे. पुढे 1989 मध्ये तो उद्योग महिंद्राकडे गेला, आणि आज जहिराबादला ट्रॅक्टर बनतात. गाडी चांगली होती, कारखाना उशाशी होता. पण ते नाव रस्त्यावरून गेले. याउलट 1986 मध्ये आलेली टाटा 407 आजही बनते आणि तिचे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. टाटा 207 आता नवी मिळत नाही, पण इतक्या गाड्या रस्त्यावर आहेत की दुकानदार माल ठेवतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने रंग पाहण्याआधी हे पाहावे.

सुट्या भागांना कन्नडमध्ये ‘बिडिभाग’ म्हणतात. ‘बिडि’ म्हणजे सुटे; दोन्ही भाषांनी एकच विचार केला. दुकानात मात्र हे दोन्ही शब्द चालत नाहीत. तिथे मराठी, कन्नड आणि दखनीच्या मिसळीत ‘क्रॉस’, ‘हाउसिंग’, ‘प्लेट’ एवढेच ऐकू येते. चुकामूक टाळायची असेल तर भाषेपेक्षा आकडा बरा.

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. तो सांगितला की त्याच मापाचे बेअरिंग कुठल्याही गावी, कुठल्याही कंपनीचे मिळते. ऑइल सीलवर तीन आकडे असतात : आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉससाठी कपाचा व्यास आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी मोजून न्यावी. क्लच प्लेटचा व्यास आणि मधल्या खाचांची संख्या लिहून घ्यावी. शक्य असेल तर जुना भागच पिशवीत टाकून न्यावा.

क्राउन-पिनियनचे गणित जरा वेगळे आहे. समजा क्राउनला 41 आणि पिनियनला 8 दात आहेत. म्हणजे शाफ्टचे पाच फेरे आणि वर थोडे झाले की चाकाचा एक फेरा होतो. दातांची संख्या बदलली तर ओढ, वेग आणि डिझेलचा खर्च सगळेच बदलते. शिवाय ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते. म्हणून फक्त क्राउन किंवा फक्त पिनियन घेऊ नये. नेहमी जोडीच घ्यावी.

सिकंदराबादचा राणीगंज आणि मुंबईत कुर्ला इथे सुट्या भागांचे मोठे बाजार आहेत. जुना माल घ्यायला हरकत नाही, पण कोणता, ते ठरवून घ्यावे. हाउसिंग, गिअरबॉक्सचे कवच, तडा नसलेला अ‍ॅक्सल चालतो. क्लच प्लेट, बेअरिंग, सील आणि क्रॉस मात्र नवेच घ्यावेत. त्यांत वाचलेले पैसे मजुरीत दुप्पट जातात.

बिलाचा आग्रह धरावा. 1 जुलै 2017 पासून जीएसटी असल्याने लातूरला घ्या की कलबुर्गीला, कर सारखाच. 22 सप्टेंबर 2025 पासून वाहनांच्या सगळ्या सुट्या भागांवर तो 18 टक्के आहे. आधी बहुतेक भागांवर 28 टक्के होता. बिल नसेल तर नकली माल परत करताना हातात काहीच राहत नाही.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणी करून घ्यावी लागते. तेव्हाच घरात बसून हिशेब करावा. चेसिस गंजली असेल तर नवा क्राउन घालून उपयोग नाही. चेसिस धड असेल तर मात्र गाडी मोडीत काढण्याची घाई नको.

आणि क्राउन जातो तरी कशाने? पुष्कळदा सीलमधून तेल गळते, कोणी लक्ष देत नाही, आणि हाउसिंग कोरडे पडते. सील स्वस्त असते, क्राउन महाग. गाडीखाली तेलाचा डाग दिसला की त्याच आठवड्यात मिस्त्रीकडे जावे, आणि झाकण उघडलेच आहे तर सगळे नंबर एका वहीत उतरवून ठेवावेत. वही मराठीत ठेवा की कन्नडमध्ये, आकडे तेच राहतात.