न ऐकू येणारे चिन्ह

इंग्रजी लेखनातील ज्या चुकांवर सुशिक्षित इंग्रजी भाषक वारंवार चिडताना दिसतात, त्यांतील बऱ्याचशा चुका बोलताना होऊच शकत नाहीत; त्या फक्त कागदावर होतात. 'तुझे' आणि 'तू आहेस' या अर्थांचे 'युअर', 'तेथे', 'त्यांचे' आणि 'ते आहेत' या अर्थांचे 'देअर' किंवा 'त्याचे' आणि 'ते आहे' या अर्थांचे 'इट्स' या शब्दांची स्पेलिंगे अर्थागणिक वेगळी असली, तरी त्यांचे उच्चार सर्वसाधारण बोलण्यात सारखेच असतात, आणि ते देवनागरीत लिहिले की त्यांच्यातील भेद उरतच नाही. रोमन लिपीतही 'इट्स'ची दोन रूपे केवळ एका अपॉस्ट्रॉफीने, म्हणजे अक्षरांच्या माथ्याशी दिल्या जाणाऱ्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाने, वेगळी होतात.

हे चिन्ह इंग्रजीत 16व्या शतकात फ्रेंच लेखनाच्या अनुकरणातून आले. 'सोऽहम्' या शब्दातील अवग्रह जसा लोप पावलेल्या 'अ'ची जागा दाखवतो, तसेच गळलेल्या अक्षराची जागा दाखवणे हे त्याचे मूळ काम होते. जुन्या इंग्रजीत अनेक नामांच्या षष्ठीला, म्हणजे मराठीत 'चा, ची, चे' लावून दाखवल्या जाणाऱ्या मालकीच्या संबंधाला, 'एस' असा स्वरयुक्त प्रत्यय होता. त्यातील स्वर बोलण्यातून झिजून गेला आणि त्या रिकाम्या जागी पुढे अपॉस्ट्रॉफी स्थिरावली. अशा रीतीने एकाच चिन्हाकडे लोप दाखवणे आणि मालकी दाखवणे अशी दोन कामे आली, आणि आजच्या बहुतेक गोंधळांचे मूळ या दुहेरी कामात आहे.

'इट्स'चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नामाची मालकी दाखवताना अपॉस्ट्रॉफी द्यावी हा नियम शिकलेल्या माणसाने तोच सर्वनामाला लावला, तर त्याच्या तर्कात दोष काढता येत नाही. परंतु मान्य नियमानुसार मालकीदर्शक 'इट्स' हे 'हिज', 'हर्स' यांच्याप्रमाणे चिन्हाविनाच लिहायचे असते आणि चिन्ह असलेले रूप 'ते आहे' या संक्षेपासाठी राखलेले असते. 17व्या आणि 18व्या शतकांत मात्र मालकीदर्शक रूपातही हे चिन्ह सर्रास दिले जाई. अमेरिकेच्या 1787च्या राज्यघटनेच्या मूळ हस्तलिखितात, राज्यांच्या तपासणीविषयक कायद्यांचा उल्लेख करणाऱ्या पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, आज शाळेत चूक धरले जाणारे हेच रूप आढळते.

अनेकवचनाच्या प्रत्ययापूर्वी विनाकारण दिलेल्या चिन्हाला ब्रिटनमध्ये 'भाजीवाल्याची अपॉस्ट्रॉफी' म्हणतात, कारण बटाटे-टोमॅटोंच्या भावफलकांवर ते हमखास दिसते. या नावात व्याकरणाइतकाच सामाजिक दर्जाचाही निवाडा आहे. वस्तुतः स्वरान्त परकीय शब्दांच्या अनेकवचनात हे चिन्ह देण्याची रीत 18व्या शतकातील शिष्ट लेखकांतही होती.

या चुकांविरुद्ध लिंकनशायर परगण्यातील बॉस्टन येथे जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकारांनी 2001 मध्ये अपॉस्ट्रॉफी संरक्षण संस्था स्थापन केली. विरामचिन्हांवरील लिन ट्रस यांचे 2003चे पुस्तक लाखोंनी खपले, यावरून ही चीड किती जणांच्या मनात होती हे कळते. 2019 मध्ये, वयाच्या 96व्या वर्षी संस्था बंद करत असल्याचे जाहीर करताना रिचर्ड्स यांनी अज्ञान आणि आळस यांची सरशी झाल्याची खंत व्यक्त केली. उलट बाजूला जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी 'डोन्ट', 'वोन्ट' यांसारख्या शब्दांतून हे चिन्ह जाणीवपूर्वक काढून टाकले होते, आणि 1890 मध्ये स्थापन झालेले अमेरिकेचे भौगोलिक नाममंडळ स्थलनामांत मालकीची अपॉस्ट्रॉफी सहसा मान्य करत नाही. कोलोरॅडोतील पाइक्स पीक हे शिखर त्यामुळे चिन्हाविनाच लिहिले जाते.

मराठीने असाच प्रश्न वेगळ्या मार्गाने सोडवला. उच्चारात नसलेले, पण व्युत्पत्ती किंवा व्याकरण दाखवण्यासाठी दिले जाणारे अनुस्वार 1962च्या लेखननियमांनी काढून टाकले, आणि पूर्वी शुद्धलेखनाची कसोटी मानली जाणारी ही टिंबे गेल्यावर वाचकाचे फारसे काही अडले नाही. इंग्रजीला असे नियम करणारी सर्वमान्य संस्था नाही. तेथे नियम छापखाने, कोश आणि शाळा यांच्या सवयीतून घडत गेले, म्हणून ते एका ठरावाने बदलताही येत नाहीत. औपचारिक लेखनात ते पाळणे इष्टच आहे, कारण ठरावीक रूप डोळ्याला न अडखळता वाचू देते. मात्र जेथे कान कोणताच भेद सांगत नाही आणि तर्क उलट दिशेला नेतो, तेथे चुकलेल्या माणसाला अज्ञानी किंवा आळशी ठरवायचे झाले, तर अमेरिकेच्या घटनेचा मसुदा सुवाच्य अक्षरांत उतरवून काढणारा लेखनिकही त्याच पंक्तीत बसेल.