आईचा अंगठा

बाळ आलं, पेढे वाटून झाले, फोटो काढून झाले. आणि मग एक दिवस आईला पाण्याचा पेलाही उचलवेना!

शुक्रवारी रात्री पुण्याहून लक्झरी पकडायची आणि सकाळी शहाद्यात उतरायचं, हा आपला ठरलेला कार्यक्रम. रस्त्याच्या कडेला पपईच्या बागा दिसायला लागल्या की समजायचं, घर आलं. या खेपेला घरी एक व्हीआयपी मुक्कामाला होता. ताईचं बाळ! सव्वा महिना नुकताच सरलेला.

‘दे ना इकडे,’ मी हात पुढे केले. ताईने आईकडे बघितलं. आईने बाळ उचलून माझ्याकडे दिलं. मग ध्यानात आलं, ताईचा उजवा हात ओढणीत गुंडाळलेला होता. डिंकाच्या लाडवांच्या डब्याचं झाकणही तिला उघडत नव्हतं. एरवी ऑफिसात अख्खी टीम सांभाळणारी ही बाई, झाकणापुढे रडकुंडीला आलेली.

निदान करायला घर तयारच होतं. आजी म्हणाली, ‘वारं लागलं. तरी सांगत होते, पंख्याखाली झोपू नको.’ मालिशवाल्या मावशींनी मनगट चांगलं रगडून काढलं, दुखणं दुप्पट झालं. शेजारच्या काकूंचं मत सगळ्यात जालीम. ‘अंगावर पाजून पाजून ताकद जाते गं. डब्याचं दूध सुरू कर, हात आपोआप बरा होईल.’

ताईला ते पटायला लागलं होतं. रात्री पाजायची वेळ झाली की तिला बाळाच्या भुकेपेक्षा आपल्या मनगटाची धास्ती वाटायची.

नाडा आणि नेफा

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ताईला अंगठा मुठीत दाबून मनगट हलकेच करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितलं. ताई किंचाळली. डॉक्टर म्हणाले, ‘डी क्वेरव्हेन. नव्या आयांमध्ये नेहमी दिसतं.’

फ्रिट्झ डी क्वेरव्हेन या स्विस सर्जनने 1895 साली या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. भानगड सोपी आहे. अंगठा हलवणारे दोन टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, मनगटापाशी एका अरुंद बोगद्यातून जातात. परकराच्या नेफ्यातून नाडा जातो ना, तसे. नेफा जाड झाला की नाडा अडकतो. अंगठ्याच्या मुळाशी मनगटाला सूज येते आणि काही उचलायला गेलं की कळ निघते.

पण आयांनाच का? बाळंतपणानंतरच्या हार्मोन्सचा आणि अंगात साठलेल्या पाण्याचा थोडा वाटा असावा. बाकी काम आपल्या उचलण्याच्या पद्धतीचं. बाळाच्या काखेत हात घालून, अंगठे ताणून त्याला दिवसातून पन्नासदा उचलायचं. पाजताना मनगट वाकवून डोकं धरून बसायचं. उरलेल्या वेळात त्याच अंगठ्याने मोबाइल! त्यामुळे बाळ नसलेल्यांनीही फार हसू नका मंडळी.

दूध बंद करायचं का?

अजिबात नाही. पाजणं थांबवल्यावर काही जणींचं दुखणं कमी होतं हे खरं, पण हाताला आराम द्यायचे दुसरे रस्ते आहेत. बाळाला मात्र पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वरचं पाणीसुद्धा नको. शहाद्याच्या चाळिशीपार उन्हाळ्यात हे आजीला पटवणं कठीण, पण आईच्या दुधात जवळपास 87 टक्के पाणीच असतं. घुटी नको आणि मध तर वर्षभर नकोच, त्यातून लहान बाळाला बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

आपल्याकडे 1992 च्या कायद्याने तान्ह्या बाळांच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करायला बंदी आहे. काकूंना जाहिरात लागतच नाही, हा भाग वेगळा! काही बाळांना डॉक्टर वरचं दूध सांगतात, तेव्हा ते द्यावं आणि अपराधी वाटून घेऊ नये. पण मनगट दुखतंय म्हणून डबा आणायची गरज नाही.

एवढं करून बघा

* बाळाला काखेतून नको, एक तळवा पाठीखाली आणि एक कुल्ल्यांखाली घालून, मनगट सरळ ठेवून उचला.
* पाजताना मांडीवर लोड किंवा उशा रचा. बाळाचं वजन उशीवर, हात फक्त आधाराला.
* रात्री कुशीवर आडवं होऊन पाजलं तर मनगटावर भारच येत नाही. फक्त पाजता पाजता झोप लागू देऊ नका.
* अंगठ्यासकट मनगट आधारून धरणारा पट्टा डॉक्टर सांगतील तितके आठवडे वापरा. बर्फाने शेका. जोरात चोळू नका.
* गोळी मनाने घेऊ नका. ‘मी पाजते आहे’ हे डॉक्टरांना आधी सांगा. पाजताना चालणाऱ्या वेदनाशामक गोळ्या असतात.
* तरीही थांबलं नाही तर त्या जागी स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात आणि बहुतेकांचं त्यावर भागतं. छोटं ऑपरेशन अगदी शेवटी.
* आणि बाबा मंडळी, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, अंघोळ घालणं याला कुठलंही हार्मोन लागत नाही. ही यादी फ्रीजवर लावा.

2017 च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची रजा 12 वरून 26 आठवडे झाली. ती रजा हाताला आराम द्यायलाही आहे, निमूट सोसायला नाही.

जाता जाता

डॉक्टरांकडून आल्यावर ताई पट्टा मिरवत सगळ्यांना ती मुठीची टेस्ट शिकवत बसली. आजीने केली, काही नाही. मी केली, काही नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. तिने हळूच अंगठा मुठीत दाबला, मनगट वाकवलं आणि पटकन हात पदरात घेतला.

‘आई, तुलाही दुखतंय?’

‘महिना झाला,’ ती म्हणाली. ‘पण बाळंतीण तर ताई आहे ना.’

बाळाला दिवसभर उचलणाऱ्या आजीलाही हे दुखणं होतं, हे डॉक्टरांना विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या आठवड्यात घरात पट्टे दोन आले. आणि बाळाला अंघोळ घालायला शहाद्यात आलेल्या भाऊजींची मनगटं अगदी ठणठणीत निघाली!