सावित्रीच्या खोऱ्यातला हंसराज

पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाला लागलं की गाडीतल्या सगळ्यांचे डोळे दरीकडे लागतात. मी डोंगराच्या बाजूला बसतो. रस्त्यासाठी तासलेल्या दरडीवर जुलैत हंसराज ओळीने लोंबत असतो. वीतभर पान, काळाभोर तुळतुळीत देठ आणि दोन्ही अंगांना अर्धचंद्राकृती पर्णिका. रायगडाच्या पायऱ्यांच्या कडेला, शिवथरघळीच्या वाटेवर, महाडच्या आसपासच्या जुन्या गडग्यांतही तो मला भेटत आला आहे.

बाकीची माहिती भरभर सांगतो. हा नेचा. याला फूल नाही, बी नाही, प्रसार बीजाणूंवर. लिनियसने १७५३ साली याला ‘अ‍ॅडियँटम फिलिपेन्स’ हे नाव दिलं. आयुर्वेदात हा हंसपदी म्हणून वापरतात. पावसाळा सरला की पानं वाळतात आणि आखूड खोड फटीत दडून उन्हाळा काढतं.

खरी गंमत पर्णिकेच्या कडेला आहे. पान उलटं करून भिंगातून पाहा. कड आत मुडपलेली दिसेल आणि त्या मुडपीच्याच आतल्या अंगाला बीजाणूंच्या पिशव्या चिकटलेल्या असतील. प्रत्येक पिशवीभोवती जाड भिंतींच्या पेशींचं कडं असतं. ऊन लागलं की त्यातलं पाणी उडतं, कडं ताणत ताणत मागे वळतं आणि एका क्षणी आतल्या पाण्याचा ताण तुटून झटक्याने मिटतं. बीजाणू भिरकावले जातात. पिकलेलं पान उन्हात धरलं तर भिंगाखाली ही उडवाउडवी दिसते. मी तासन्‌तास पाहिली आहे.

पुढची गोष्ट याहून नवलाची. एरवी नेच्याच्या बीजाणूपासून नखापेक्षाही लहान, हृदयाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा उगवतो. त्यावरच्या नर पेशी पाण्यातून पोहत अंडपेशीपर्यंत जातात, तेव्हा कुठे नवा नेचा जन्मतो. ‘अ‍ॅडियँटम’ प्रजातीत गुणसूत्रांचा मूळ संच ३०चा. आपल्याकडच्या कित्येक रोपांत मात्र ती ९० भरतात, म्हणजे तीन संच. तिघांच्या जोड्या जुळायच्या कशा? म्हणून बीजाणू घडवणाऱ्या विभाजनाआधी गुणसूत्रं एकदा दुप्पट होतात. एरवी पिशवीत ६४ बीजाणू असतात, इथे ३२च तयार होतात, पण प्रत्येकात पुरी ९० गुणसूत्रं. पापुद्र्यातून फलनाशिवाय थेट नवं रोप फुटतं. शिवाय पानाचा शेंडा चाबकासारखा लांबतो आणि टेकेल तिथे मूळ धरतो.

कोकणात पाऊस कोसळतो तसा मध्येच आठवडाभर उघडतोही. अशा उघडिपीत फलनासाठी पाण्याची वाट पाहावी लागत नाही, हा या नेच्याचा मोठा फायदा, असं माझं ठाम मत आहे.

उभ्या दरडीची आवडही तशीच सकारण आहे. सपाट जमिनीवर पालापाचोळा साचतो आणि इवला पापुद्रा त्याखाली गुदमरतो. उभ्या उतारावर काही टिकत नाही, गवतही दाटत नाही आणि खडकाच्या फटींतून पाणी झिरपत राहतं.

पण दरडी कोसळतातही. २०२१च्या जुलैत महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. तो घाव या तालुक्याला विसरता येणार नाही. माणसं राहतात तिथे डोंगराला भिंत बांधायलाच हवी. त्या भिंतींना पाणी निघायला भोकं ठेवतात. भोकातून ओल झिरपू लागली आणि थोडी माती अडकली की एखाद्या पावसाळ्यात तिथे काळा देठ डोकावतो. घाटातून जाताना ती भोकं जरूर पाहा.