खुणांची भाषा, लेखांक ६ : बांबू झाड की गवत?

मागच्या लेखांकात सोस्यूरची ओळख झाली. शब्दाला स्वतःपुरता अर्थ नसतो, शेजारच्या शब्दांहून तो कुठे वेगळा पडतो यावर त्याचा अर्थ ठरतो, हे त्याचं म्हणणं. चिन्हमीमांसेच्या वर्गात पहिल्यांदा ऐकताना ते हवेतलं वाटतं. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला मात्र त्याचा पुरावा तीसेक किलोमीटरवर, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावात सापडतो.

प्रश्न साधा आहे. बांबू म्हणजे काय?

वनस्पतिशास्त्र सांगतं, गवत. भात, ज्वारी, उसाच्याच कुळातलं. बुरुडाच्या हाती त्याचं सूप, टोपली, ताटवा होतो. पावसाळ्यात त्याचे कोवळे कोंब ‘वास्ते’ या नावाने चुलीवर चढतात. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला तो कच्चा माल. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने मात्र ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला. त्याच कायद्यात पुढे तोडलेलं किंवा पडलेलं झाड म्हणजे ‘इमारती लाकूड’. म्हणजे जंगलातून कापून आणलेलं गवत कागदावर लाकूड झालं, आणि लाकडाच्या वाहतुकीवर ताबा सरकारचा.

इंग्रजांच्या काळात बसवलेली ही शब्दांची साखळी जवळपास ऐंशी वर्षं तशीच राहिली. मग २००६ चा वनहक्क कायदा आला. त्याने बांबूला स्पष्ट शब्दांत गौण वनोपजात बसवलं आणि गौण वनोपजाची मालकी वनहक्कधारकांना दिली. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. हक्क हाती आला, पण बांबू गावाबाहेर न्यायला लागणारा वाहतूक परवाना, लोकांच्या तोंडी ‘टीपी’, वन विभाग देईना. एकाच देशात एकाच वेळी दोन कायदे एकाच वस्तूला दोन नावं देत होते.

इथे अमेरिकन तत्त्वज्ञ पर्स मदतीला येतो. चिन्ह आणि वस्तू एवढ्या दोघांवर त्याचं भागत नाही. त्या चिन्हाचा लावला गेलेला अर्थ हा त्याच्या मांडणीत तिसरा घटक असतो. बांबूची तीच मोळी, नाक्यावरच्या वनरक्षकाला ते विनापरवाना लाकूड दिसतं आणि गावकऱ्याला स्वतःच्या जंगलाचं पीक. डोळे कोणाचेच अधू नाहीत. वाचण्याची चौकट वेगळी आहे, आणि कोणाची चौकट चालणार हे सत्तेने ठरतं. चिन्हमीमांसा शिकवणाऱ्या प्रत्येकाने या शेवटच्या मुद्द्यावर थांबायला हवं; बहुतेक पाठ्यपुस्तकं तो घाईत उरकतात.

मेंढ्याने तो उरकला नाही. या गावात निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतात आणि त्याआधीचा विचार अभ्यासगटात होतो. अभ्यासगट निर्णय घेत नाही, फक्त समजून घेतो. बाहेरचा जाणकारही त्यात बसू शकतो. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांनी ही पद्धत वर्षानुवर्षं जपली. कायद्यातला शब्द उचलायचा, तो कुठून आला, त्याने कोणाचं काय होतं हे विचारायचं, यालाच तत्त्वज्ञानाच्या वर्गात संकल्पनांचं विश्लेषण म्हणतात. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त शब्दाचा अर्थ ठरवताना प्रकरण, औचित्य, देश, काल पाहायला सांगितलं आहे. मेंढ्याच्या लोकांनी नेमकं तेच पाहिलं: हा शब्द कोणत्या कायद्यातला, कोणत्या काळातला, कोणाच्या सोयीचा?

मार्च २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हे गौण वनोपज असल्याचं कळवलं. २७ एप्रिल २०११ ला ते स्वतः मेंढ्यात आले आणि परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. पुढच्या वर्षी नियम बदलून परवाने देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे सोपवलं गेलं.

१९२७ च्या व्याख्येतला शब्द तरीही जागेवरच होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये, वनक्षेत्राबाहेरच्या बांबूची तोड आणि वाहतूक सोपी करण्यासाठी, वटहुकूम काढून ‘झाड’च्या व्याख्येतून ‘बांबू’ वगळण्यात आला. एक शब्द पुसायला नव्वद वर्षं लागली.

(पुढील लेखांकात : चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींवर कोरलेलं गोंड राजांचं हत्ती-सिंहाचं चिन्ह.)