इन्शुलिनची बाटली, सिरिंज आणि घरचे मडके

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. कारंज्याजवळच्या एका खेड्यातील साठीच्या घरातले संत्रा बागायतदार दवाखान्यात आले. मधुमेह बारा वर्षांचा, इन्शुलिन सुरू होऊन वर्ष झालेले. सकाळचा डोस १६ युनिटवरून चढत चढत ३० वर गेला होता, तरी उपाशीपोटीची साखर २८० च्या खाली यायला तयार नव्हती. पायाच्या बोटाला झालेली जखम दोन महिने भरत नव्हती आणि खरी काळजी तिचीच होती. "डॉक्टरसायेब, सुई तर रोज टोचतो, मंग साखर काहून उतरत नाही?" हा त्यांचा प्रश्न. मी म्हटले, "काका, उद्या येताना बाटली, सिरिंज, जे जे वापरता ते सगळे थैलीत घालून आणा."

दुसऱ्या दिवशी थैली उघडली आणि उत्तर सापडले. औषध चांगले होते, डोसही चुकीचा नव्हता. चूक होती ती सिरिंजमध्ये. अशी चूक अनेक घरांत होत असते, म्हणून हा लेख.

आधी थोडे इन्शुलिनविषयी

आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. रक्तातील साखर पेशींमध्ये पोहोचविणारे इन्शुलिन ती तयार करते. प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात, ज्याला दुसऱ्या प्रकारचा मधुमेह म्हणतात, सुरुवातीला इन्शुलिन असते पण त्याचा प्रभाव पडत नाही. पुढे वर्षागणिक ग्रंथीची ताकदही कमी होत जाते. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांनी गोळ्या पुरेनाशा झाल्या तर तो रुग्णाचा गुन्हा नव्हे. विहिरीचे पाणी आटले की बाहेरून पाणी आणावे लागते, तसेच हे.

"इन्शुलिन म्हणजे शेवटचे औषध", "एकदा घेतले की सवय लागते" असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. या भीतीपोटी लोक दोन-तीन वर्षे वाया घालवितात आणि तेवढ्यात डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड व पायांच्या नसा यांचे नुकसान होऊन बसते. इन्शुलिन हे शरीरातच असणारे द्रव्य आहे, त्याचे व्यसन लागत नाही. १९२२ साली कॅनडातील टोरांटो येथे ते प्रथम माणसाला टोचले गेले, तेव्हापासून ते जीव वाचवीत आले आहे. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात साखर काटेकोरपणे आवरली तर डोळे, मूत्रपिंड यांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार सुमारे पाव हिश्शाने कमी होतात, असे त्यात दिसून आले.

पण इन्शुलिन घेणे म्हणजे केवळ सुई टोचणे नव्हे. त्यात तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो.

पहिली गोष्ट : बाटली आणि सिरिंज

आपल्याकडे मिळणाऱ्या इन्शुलिनच्या बऱ्याच बाटल्यांत दर मिलिलिटरला ४० युनिट असतात. पेनच्या कार्ट्रिजमध्ये आणि काही बाटल्यांत मात्र १०० युनिट असतात. दोन्हींसाठी सिरिंज वेगवेगळी. ४० च्या सिरिंजची टोपी साधारणतः लाल असते आणि १०० च्या सिरिंजची नारिंगी, म्हणजे आपल्या संत्र्याच्या रंगाची. तरी केवळ रंगावर विसंबू नये, बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा वाचून जुळवून पाहावा.

काकांची बाटली ४० ची होती आणि सिरिंज १०० ची. ३० च्या रेघेपर्यंत भरले की त्यांच्या अंगात ३० नव्हे, फक्त १२ युनिट जात होते. साखर उतरणार कशी? याच्या उलट चूक तर जिवावर बेतते. १०० च्या कार्ट्रिजमधले औषध ४० च्या सिरिंजने ३० च्या रेघेपर्यंत ओढले, तर ७५ युनिट जातात. पेन बिघडले म्हणून कार्ट्रिजमध्ये सुई खुपसून औषध काढण्याचा उद्योग कधीही करू नये.

इथे एक धोक्याची सूचना. अशी चूक लक्षात आली तर केवळ सिरिंज बदलून तोच डोस चालू ठेवू नका. काकांनी योग्य सिरिंजने एकदम ३० युनिट घेतले असते, तर साखर धाडकन उतरून ते शेतातच कोसळले असते. मी त्यांचा डोस १४ वर आणला आणि साखर तपासत दर तीन-चार दिवसांनी दोन-दोन युनिटने वाढवीत गेलो. इन्शुलिनचा डोस असाच हळूहळू ठरवायचा असतो. तो वाढला म्हणजे आजार बळावला असे समजून घाबरू नये.

दुसरी गोष्ट : उष्णता

काकांची बाटली टिनाच्या छपराखालच्या कोनाड्यात असे. वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा टिनाखाली काय होत असेल याची कल्पना करा. इन्शुलिन हे प्रथिन आहे. उन्हाने त्याचा जोर जातो, आणि बाहेरून पाहता तसे कळतही नाही.

न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवू नये, कारण एकदा गोठलेले इन्शुलिन निकामी होते. वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या आत राहिली तर साधारण चार आठवडे चालते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी.

फ्रिज नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही, घरचे मडके कामाला येते. एक मोठे, पाणी पाझरणारे मातीचे मडके घ्यावे, त्यात ओली वाळू घालून मधोमध लहान मडके बसवावे. बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून लहान मडक्यात ठेवावी आणि वर ओले फडके टाकावे. मडके सावलीत, वाऱ्याच्या जागी असावे आणि वाळू दिवसातून दोनदा भिजवावी. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती उत्तम चालते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने गारवा कमी मिळतो, पण तेव्हा उष्णताही कमी असते. फ्रिज नसेल तर एका वेळी एकच बाटली विकत आणावी.

नागपूर-अमरावतीला जाताना बाटली मोटारसायकलच्या डिकीत किंवा एस.टी.च्या खिडकीपाशी उन्हात ठेवू नये. ओल्या फडक्यात गुंडाळलेली डबी पिशवीत जवळ बाळगावी.

तिसरी गोष्ट : जेवण आणि श्रम

३०/७० या मिश्र प्रकारचे साधे इन्शुलिन सकाळी व रात्री जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. काही नवी इन्शुलिने जेवणाच्या अगदी आधी घेतात, तेव्हा आपले कोणते ते डॉक्टरांना विचारून घ्यावे. सुई टोचून शेतात निघून जाणे आणि न्याहारी दहा वाजता करणे, हे साखर उतरण्याला आमंत्रणच आहे. संत्र्याचा तोडा, कापूस वेचणी अशा श्रमाच्या दिवसांत साखर अधिक उतरते. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र असे उपास असतील तर डोसविषयी आधी विचारावे. उलट ताप, जुलाब झाले म्हणून इन्शुलिन मनाने बंद करू नये, कारण आजारपणात साखर बहुधा वाढते.

दुधाळ इन्शुलिनची बाटली दोन तळव्यांमध्ये हलकेच फिरवावी, जोराने हलवू नये. सुई पोटावर, बेंबीपासून चार बोटे दूर किंवा मांडीवर टोचावी आणि रोज जागा बदलावी. एकाच जागी टोचल्याने गाठी होतात आणि तिथून औषध नीट शोषले जात नाही.

साखर उतरली तर

घाम, थरथर, धडधड, अचानक कडाडून भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणे घरातल्या सर्वांना पाठ असावीत. साखर ७० च्या खाली गेली किंवा नुसती शंका आली तरी तीन चहाचे चमचे साखर अथवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच प्यावे. मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना साधी साखर सावकाश लागू पडते, म्हणून ग्लुकोजची पुडी जवळ असलेली बरी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा घ्यावे आणि नंतर भाकर-पोळी खावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवून तडक रुग्णालयात न्यावे.

काकांचे पुढे काय झाले? सूनबाईंनी मडके बसविले, बाटलीवर तारीख लिहू लागल्या, सिरिंजवरचा आकडा स्वतः वाचून घेऊ लागल्या. सहा आठवड्यांत उपाशीपोटीची साखर १३० वर आली. नियमित मलमपट्टीला साखरेची साथ मिळाली आणि बोटाची जखम तीन महिन्यांत भरली. बोट वाचले. शेवटी डोस लागला तो २२ युनिटचा, म्हणजे कागदावर आधी लिहिलेल्यापेक्षा कमीच.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना नुसता कागद नेऊ नका. बाटली, सिरिंज किंवा पेन सोबत न्या आणि आपण कसे टोचता ते एकदा त्यांच्यासमोर करून दाखवा. या पाच मिनिटांत पुष्कळ काही उलगडते.