‘आपल्याच्यानं होत नाही’ म्हणण्यापूर्वी



“तंबाखू सोडायची हाय हो, पण आपल्याच्यानं होत न्हाई.” वजनकाट्यापाशी रांगेत उभे राहिले की हे वाक्य हमखास कानावर येते. बोलणाऱ्याला तंबाखूचे दुष्परिणाम ठाऊक असतात. तोंडाचा कर्करोग झालेला माणूसही त्याने पाहिलेला असतो. तरी चंची सुटत नाही. असे का?

भारतात २०१६-१७ साली झालेल्या सर्वेक्षणात २८.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करतात असे आढळले. तंबाखू खाणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे ती सोडण्याच्या विचारात होते. म्हणजे इच्छा आहे. कमी पडतो तो ‘मला जमेल’ हा भरवसा.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली नेमके हेच मांडले. जमेल असे ज्याला वाटते तो काम हाती घेतो आणि अडचण आली तरी नेटाने टिकतो. हा भरवसा उपदेशाने थोडाच वाढतो. स्वतः मिळवलेल्या लहान यशाने तो सर्वांत जास्त वाढतो, आणि आपल्यासारख्याच माणसाला जमलेले पाहूनही वाढतो.

आपल्याला हे नवीन नाही. ठिबक बसवताना आपण काय केले? आधी शेजाऱ्याचा प्लॉट पाहिला, मग दहा गुंठ्यांवर करून बघितले, नंतर सगळ्या उसाला केले. तंबाखूचेही तसेच करावे. गावात जिने सोडली त्या बाईला, ज्याने सोडली त्या गड्याला विचारावे. सोडायचा दिवस ठरवून घरात सांगावा. तोवर सकाळची पहिली चिमूट तासभर पुढे ढकलून पाहावी. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यात पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, कामाला लागावे.

मात्र सगळा भार मनावर टाकू नये. निकोटीनची सवय शरीराला जडते. त्यात कमीपणा नाही. डॉक्टरांची मदत घ्यावी. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन केल्यास मोफत सल्ला मिळतो.

आणि मध्येच एखादे दिवशी चुकून खाल्ली तर? उगवण विरळ झाली म्हणून आपण ऊस मोडत नाही, नांग्या भरतो. इथेही तेच करायचे. पाऊस आपल्या हाती नाही, पण पाण्याची पाळी आहे. चंचीही आपल्याच खिशात आहे.