वर्गातली हवा फोनला कळते का?

शाहूवाडीत पावसाळ्यात झड आत येते म्हणून वर्गाच्या खिडक्या बंद. मग दुसऱ्या तासाला जांभया सुरू! आपल्या उच्छ्वासात सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, बाहेरच्या हवेत जेमतेम ०.०४ टक्के. बंद वर्गात तो वाढत गेला, की समजा आपण एकमेकांचीच हवा ओढतोय. सोबत सर्दी-खोकल्याचे विषाणूही.

‘यावर एखादं ॲप सांग ना,’ असं मला विचारतात. मी सॉफ्टवेअरवाला, तरी सांगतो: ॲप नको. एक्यूआय ॲप बाहेरच्या हवेचा आकडा दाखवतं. काही फोनमध्ये बॅरोमीटर असतो, पण तो दाब मोजतो, शुद्धता नाही.

खेळ मात्र दाबाचाच आहे. वारा आदळतो त्या भिंतीवर दाब वाढतो, मागच्या बाजूला घटतो. हा फरक जेमतेम काही पास्कलचा. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला १,०१,३२५ पास्कल. तरी तेवढ्यावर हवा वाहते, फक्त तिला यायला आणि जायला वेगळी वाट हवी. म्हणून पावसाकडची खिडकी बोटभर, समोरची पूर्ण उघडा. वरचा झरोका असेल तर तोही, कारण गरम हवा वर चढते. नुसता पंखा तीच हवा फिरवतो.

खात्री करायचीय? फटीजवळ उदबत्ती धरा. धूर सरळ वर गेला, तर हवा अडलीय.